बाण लागल्यावरचा चहा

मॉरिशस
४ सप्टेंबर २०२५

श्वेते,

तुह्यं पत्र भेटलं. होस्टेलवाल्या सरनं डिसेंबरच्या तिरंदाजीच्या सिलेक्शनपर्यंत तुम्हा सगळ्या पोट्ट्यांचे मोबाइल जमा करून घेतले, हे एक बरं झालं. नाहीतर तू मले कवा पत्र लिहिलं असतं? मी बी शाळा सोडल्यापासून एवढं आजच लिहून राहिलो. अक्षराले हासू नको.

माहा मोबाइल बी इथं नुसता आरसा आहे. ही हरणांची वाडी डोंगराच्या खोऱ्यात, रेंज नाही. रविवारी गावात जायला भेटलं तर आईले फोन लागते. सेंटरिंगचं काम सोडलं, हे आईनं सांगितलंच असन. बाबा म्हणाले असतीन, "तिसरं काम सोडलं. याच्या पायाले भिंगरी आहे." म्हणू दे.

इथला मालक हरणं गुरासारखी पाळते. बाहेरच्या देशातले पाहुणे येतात अन् पैसे देऊन बाणानं शिकार करतात. इथं ते कायद्यात बसते, आपल्याकडे केलं तर जेल. माहं काम म्हणजे पाहुण्याचं सामान वाहायचं, बाण लागला की जनावर हुडकायचं, ओढून आणायचं, बाण धुऊन परत द्यायचा. बो तुह्यासारखाच असते, चाकंवाला कंपाऊंड.

आता तुह्या गोष्टीवर येतो. तू इचारलं, "मी निशाण्यावर मारते तो बाण जनावराच्या आरपार जाईन का? सहज विचारून राहिली." सहज तर सहज. जिंदगीत पहिल्यांदा तू मले काही इचारलं.

तुहा बाण हलका असते, साडेतीनशे ग्रेनच्या आसपास, म्हणजे तेवीसेक ग्राम. तो पळते सन्नाट, पण पळणं वेगळं अन् घुसणं वेगळं. आपली संत्र्याची ट्रॉली आठव. खाली ट्रॉलीले ब्रेक मारला की जागच्या जागी थांबते. भरलेली ट्रॉली हळू चालते, पण ब्रेक मारला तरी पुढं सरकतच जाते, समोर धुऱ्याचा बांध असो का बैलबंडी. बाणाचं तसंच आहे. मागच्या हप्त्यात एक पाहुणा आला. त्याच्याजवळ बाणाची चाल मोजायची डबी. दिवसभर सगळ्याइले आकडा दाखवे, "पाहा, तीनशे फूट सेकंदाले." त्याचा बाण हरणाच्या खांद्याच्या हाडाले लागला अन् बोटभर बी आत गेला नाही. हरीण बाण घेऊन पळालं. दुसऱ्या दिवशी एक बुढा पाहुणा आला, पाचशे ग्रेनच्या वरचा बाण, चाल सायकलीसारखी. इकडून गेला, तिकडून निघाला अन् मातीत उभा. मी उपटला तो बाण. म्हणून सांगतो, वजन पाहिजे.

इथं माह्यावर एक बुढा आहे, रामलगन चाचा. त्याचे पणजोबा बिहारातून ऊस तोडाले आले होते, म्हणून थोडी हिंदी बोलते. माणूस चांगला, पण कामाचा आळशी. बाण लागला, हरीण झुडपात गेलं, की हा लेकाचा जमिनीवर बसते, थर्मास काढते अन् सगळ्याइले चहा पाजते. पाहुण्याले बी. चहा झाल्यावर कप धुते, मग उठते. तोपर्यंत कुणाले हलू देत नाही. माह्या पायाले मुंग्या येतात. परवा मी ऐकलंच नाही. बाण लागल्या लागल्या धावलो. झुडपात हरीण पडलेलंच होतं. चाचा चहा पीत राहिला अन् मी हरीण ओढत घेऊन आलो. पाहुण्यानं पाठ थोपटली. याले म्हणतात काम.

सिलेक्शनची तयारी कर. सरचा मार खाऊ नको.

तुहा दादा,
साहिल


होस्टेल, बेसा, नागपूर
२८ सप्टेंबर २०२५

साहिलदादा,

तुझं अक्षर वाचता येते. हासली नाही. स्पेलिंग नसलं की तू चांगला लिहितो.

दोन दिवसांची सुट्टी होती, काटोलला जाऊन आली. तुझं पत्र सोबत नेलं. संध्याकाळी बगीच्यातल्या खोलीसमोर बसून मोठ्यानं वाचलं. बाबा आधी दुसरीकडं पाहत होते, जसं काही ऐकूनच नाही राहिले. ट्रॉलीचं आलं तेव्हा म्हणाले, "बराबर आहे." आणि तू धावत जाऊन हरीण आणलं, ते मले दोनदा वाचाले लावलं. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर मले सोडाले आले, तर तिथं शेजारच्या काकांना सांगून राहिले, "माह्या पोट्ट्याले भेव नाही. बाकीचे चहा पीत बसतात, हा जनावरामागं जाते." मी बाजूला उभी होती. बाबाच्या तोंडून तुझं असं कधी ऐकलं नव्हतं, म्हणून लिहून राहिली.

बगीच्यात रानडुकरांनी खूप नासधूस केली. ठिबकच्या नळ्या उकरून फेकल्या, खालच्या फांद्यांची संत्री खाल्ली. त्यात एक एकटा नर आहे, मोठा. तो सुतळी बॉम्बलाही घाबरत नाही. पोळ्यानंतर एकदा आईच्या अंगावर आला, आई टाकीवर चढली म्हणून वाचली. आजूबाजूचे लोक कुंपणात करंट सोडतात. बाबा सोडत नाही. मागच्या वर्षी करंटनं बैल मेला ना शेजारच्या वावरात, तेव्हापासून म्हणतात, "करंटले डोळे नसतात." जंगल खात्याकडे अर्ज दिला आहे. साहेब येतो म्हणाले, आले नाही.

एक गंमत केली. माझ्या जुन्या बाणात पुढच्या बाजूनं पितळी वजन बसवलं आणि काट्यावर मोजलं. तुझ्या बुढ्या पाहुण्याच्या बाणाएवढं भरलं. भुसा-कुटाराच्या पोत्यावर मारून पाहिला. आधी बाण पोत्यात अर्धा राहत होता, हा पलीकडे निघून भिंतीला लागला. तू शाळेत टिकला असता तर फिजिक्स शिकवलं असतं.

डुकराचं कातडं हरणापेक्षा जाड असते का? हेही सहजच.

तुझी
श्वेता


मॉरिशस
१६ ऑक्टोबर २०२५

श्वेते,

बाबा खरंच तसं म्हणाले का? शेजारच्या काकासमोर? तू माह्या मनाले बरं वाटावं म्हणून तर नाही लिहिलं? खरं सांगजो.

अन् आता तू बी खरं बोल. निशाण्यावर मारणाऱ्या पोट्टीले पितळी वजन कायले पाहिजे? कागदाच्या निशाण्याले कातडं नसते. तू इचारलं तवाच मले समजाले पाहिजे होतं, पण कुणी आपल्याले इचारते याचीच मले मस्ती चढली. बाबानं तुह्या डोक्यात घातलं की तू बाबाच्या? पकडली गेली तर सिलेक्शन गेलं, बो गेला, अन् दोघं बी आत. काही मारू नको. जंगल खात्याचा साहेब येवो का न येवो. आईले म्हण, संध्याकाळी एकटी वावरात जाऊ नको.

डुकराचं म्हणशीन तर, नराच्या खांद्यावर कातड्याखाली चिवट थर असते, ढालीसारखा. तिथं बाण मारणं म्हणजे पाट्यावर मारणं. पुढच्या पायाच्या मागं, खाली, तिथं नरम असते. अन् तुह्या बाणाचं टोक गोल आहे, ते नुसतं भोक पाडते. शिकारीच्या बाणाले ब्लेडासारखं पातं असते. पण हे मी तुले सांगून नाही राहिलो, तू इचारलं म्हणून लिहिलं.

तीन रविवार झाले, गावात जाता आलं नाही. पाहुणे आहेत. दिवाळीले फोन नाही आला तर आईले सांग, पोट्टा बरा आहे.

भाऊबीजेले तुले काही पाठवता आलं नाही. पुढच्या साली दोन्ही देईन.

साहिल


मॉरिशस
२ नोव्हेंबर २०२५

श्वेते,

तुह्यं पत्र नाही आलं, तरी लिहून राहिलो. मागच्या रविवारी आईले फोन केला होता. आई म्हणाली, बाबा धुऱ्यावरून घसरले, पाय मुरगळला, झोपून आहेत. म्हटलं, फोन दे त्याइले. तर म्हणे झोप लागली. दुपारी? बाबा दुपारी कवापासून झोपाले लागले? म्हटलं, श्वेता कुठं आहे? तर म्हणे नागपूरले. दिवाळीची सुट्टी संपली नव्हती अन् तू नागपूरले? आईचा आवाज असा होता जसं कुणी समोर बसून ऐकून राहिलं. काय झालं ते लिही.

इथं माहं बी काही खरं नाही. एका पाहुण्याचा बाण मस्त बसला, जड बाण, आरपार. हरीण चालत चालत पेरूच्या झाडोऱ्यात गेलं. चाचानं थर्मास काढला अन् मी धावलो, मागच्यासारखाच. या खेपेस हरीण मेलेलं नव्हतं. बसलं होतं. मले पाहून उठलं अन् असं पळालं जसं त्याले काही झालंच नाही. संध्याकाळपर्यंत हुडकलं, कुत्री बी लावली. नाही भेटलं. कुठंतरी उसात जाऊन मेलं असन, कुणाच्याच कामाचं नाही.

चाचा ओरडला नाही. माहा कप धुतला, पिशवीत न घालता बाजूले ठेवला अन् दुसऱ्या दिवसापासून मले सोबत नेणं बंद केलं. मी आता स्वयंपाकघरात भांडे घासतो. चार दिवस तोंड फुगवून बसलो. मग गेलो त्याच्याजवळ अन् म्हटलं, चाचा, एक हरीण गेलं, त्याचं एवढं काय?

तो म्हणे, "बेटा, बंदूक धक्का देती है. तीर धक्का नहीं देता, काटता है. जान खून ले जाता है, और खून अपने टाइम से जाता है. जानवर को मत छेड़ो तो वो दस कदम पर बैठ जाता है, और बैठे-बैठे सो जाता है. छेड़ो, तो या भागेगा या पलटेगा. मैं क्या चाय का भूखा हूँ? तुम्हारे जैसों के पाँव बाँधने को चाय पिलाता हूँ."

मी इचारलं, आपल्याकडे रानडुक्कर असते, त्याले बी एवढंच थांबायचं का? तो म्हणे, "सूअर हो तो दो कप."

म्हणजे मी तुले चाल सांगितली, वजन सांगितलं, सारं मारण्याचं सांगितलं. मारल्यावर काय करायचं ते मलेच माहीत नव्हतं. वरून तुले धावल्याची फोकनाड, नुसती बढाई, लिहून पाठवली. तू काही करणार नाही, मले ठाऊक आहे. तरी बाबाले हे वाचून दाखव. दोन कप.

साहिल


नागपूर
६ नोव्हेंबर २०२५

दादा,

हे दवाखान्यातून लिहून राहिली. आई तुले फोनवर खोटं बोलली, तिच्यावर रागावू नको. मीच सांगितलं होतं. तू तिथं एकटा आहे, काही उलटसुलट करशील म्हणून.

तुझं दुसरं पत्र काल होस्टेलवर आलं. एका ओळीत "मारू नको" आणि पुढच्या ओळीत कुठं मारायचं. भैताड आहेस. पण ते आलं तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

बाबानं नाही, मीच काढलं ते. आई टाकीवर चढली त्या दिवसापासून माझ्या डोक्यात होतं. बाबा आधी नाही म्हणाले. तुझं पत्र ऐकल्यावर हो म्हणाले. पातंही करून घेतलं होतं, गावच्या लोहाराकडून, जुन्या विळ्याचं. भाऊबीजेच्या दिवशी, फटफटल्यावर, बाबा आणि मी जागलीच्या मचाणावर होतो. तो आला. उजेड पुरेसा होता. पुढच्या पायाच्या मागं मारला. ते तुझं पत्र यायच्या आधीही मला समजत होतं, दादा, इतकं तर कोणालाही समजते. बाण पार गेला आणि धुऱ्याच्या मातीत बसला. तू लिहिलं होतं अगदी तसं. डुक्कर ओरडलंही नाही. दुडकत तुरीत गेलं आणि आवाज बंद झाला.

मी म्हटलं, बाबा, थांबा थोडं. मला काही माहीत होतं म्हणून नाही, फक्त उतरायची ताकद नव्हती. बाबा हासले. म्हणाले, "माहा साहिल परदेशात धावते अन् मी माह्या वावरात बसून राहू काय?" कुऱ्हाड घेतली आणि गेले. मी मागं.

तूर कमरेच्या वर होती. दहा-बारा पावलांवर ते बसलेलं होतं, आमच्याकडे पाठ करून. बाबा म्हणाले, "मेलं." तेवढ्यात ते वळलं. मला फक्त तूर हलताना दिसली. बाबांची मांडी सुळ्यानं वरपासून गुडघ्यापर्यंत फाडली. मी ओढणी बांधली, आईनं शेजाऱ्यांची जीप आणली. जीप धुऱ्यावर येईपर्यंत डुक्कर मेलं होतं. त्याच जागेवर, एक पाऊलही पुढं न जाता. आम्ही गेलो नसतो तरी तिथंच मेलं असतं.

मी बाबांसोबत नागपूरला आली, आई मागं थांबली. बाण उपटून कुटारात लपवला आणि जंगल खात्याचा माणूस पंचनाम्याला आला तेव्हा त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं जखमेकडं पाहून विचारलं, हे कशाचं? आई म्हणाली, "विळ्याचं. माह्या माणसाले फाडत होतं, मी काय आरती ओवाळू?" त्यानं तसंच लिहून घेतलं. पातं विळ्याचंच होतं, म्हणजे आई अर्धी खरीच बोलली.

दोन ऑपरेशनं झाली. जखमेत पू होऊन राहिला. पाय राहील की काढावा लागेल, हे डॉक्टर अजून सांगत नाही. बाबा मला एवढंच म्हणाले, "साहिलले कळवू नको, त्याले वाटन त्याच्यामुळं झालं."

मला एक विचारायचं आहे, आणि हे सहज नाही. तू लिहिलं होतं, चाचा चहा पीत राहिला आणि मी हरीण ओढत आणलं. असं किती वेळा झालं होतं? आम्हाला सर शिकवतात, एक बाण मधोमध लागला तर त्याला नेम म्हणत नाही, पुन्हा पुन्हा लागला तर म्हणतात. तुझा तो किती वेळचा नेम होता, दादा?

मी बो पेटीत ठेवला आहे. सिलेक्शनला जायचं की नाही, ठरवलं नाही.

श्वेता


मॉरिशस
२५ नोव्हेंबर २०२५

श्वेते,

एकदा.

पत्र लिहिलं तवा एकदाच धावलो होतो. अन् ते हरीण माह्या धावण्यानं भेटलं नाही. बाण बराबर बसला होता, मी पोचायच्या आधीच ते मेलेलं होतं. मले वाटलं, मी धावलो म्हणून भेटलं. दुसऱ्यांदा धावलो तवाचं तुले लिहिलं आहे, ते पत्र आतापर्यंत पोचलं असन.

तुह्यं पत्र शनिवारी आलं. रात्र कशी काढली ते लिहीत नाही. रविवारी चालत गावात गेलो, गाडीची वाट नाही पाहिली. आईले म्हटलं, आता झोपले आहेत असं सांगू नको, मले माहीत आहे. मग बाबा आले फोनवर. म्हणाले, "पाय आहे गा. गुडघा वाकत नाही, बस." मी म्हटलं, घरी येतो. तर म्हणे, "येऊन काय करशीन, पाय वाकवशीन? काम सोडलं तर नाही ना?" म्हटलं, नाही. मग म्हणे, "जपून धावत जाय बापू."

श्वेते, जिंदगीत पहिल्यांदा त्याइनं माह्या कामाले काम म्हटलं, अन् ते असं.

मी चाचाले जाऊन सगळं सांगितलं. त्यानं सोमवारी सकाळी माहा कप पुन्हा पिशवीत घातला.

आज एका पाहुण्यानं बाण मारला. कुठं लागला ते नीट दिसलं नाही. हरीण उसाच्या बाजूले गेलं. पाहुणा माह्याकडं पाहून राहिला, त्याले कुणी सांगितलं होतं हा पोट्टा धावते म्हणून. मी खाली बसलो. चाचानं कप हातात दिला. गवत हलताना दिसत होतं, मग हलणं बंद झालं. पाय उठून राहिले होते माहे, मी त्याइच्यावर बसून राहिलो. चहावर साय आली. तो संपवला अन् थर्मासातून दुसरा भरून घेतला. चाचा म्हणे, "हिरन है बेटा, दूसरा किसलिए?" मी म्हटलं, "पीने दो चाचा."

मग उठलो. हरीण दहा पावलांवर होतं.

तू सिलेक्शनले जाय. कागदावर मार, तो पलटत नाही.

अन् हे पत्र बाबाले वाचून दाखव. पहिलं वाचलं होतं तसंच, खोलीसमोर बसून, मोठ्यानं. धावण्याचं त्याइनं दोनदा वाचाले लावलं होतं ना, हे चहाचं बी दोनदा वाच.

साहिल